बुलेटचं टॅपेट वाजतंय? इंजिन उघडण्याआधी हे वाचा

गाडी स्टार्ट केली की इंजिनातून टिक टिक टिक. मेकॅनिकला विचारलं की उत्तर ठरलेलं, 'टॅपेट वाजतंय.' मग यूट्यूब उघडलं जातं, पाने गोळा होतात आणि रविवार ठरतो. पण थांबा.

जुन्या बिडाच्या इंजिनवाल्या बुलेटमध्ये टॅपेट हाताने सेट करायचे. थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी फिरवून बघायचा आणि नट आवळायचा. 2009 मध्ये आलेल्या क्लासिकच्या यूसीई इंजिनात मात्र हायड्रॉलिक लिफ्टर आहेत. लिफ्टर कॅम आणि पुशरॉड यांच्या मध्ये बसतो. त्याच्या पोटात ऑइल भरतं आणि त्या दाबावर तो मधली फट स्वतःच भरून काढतो. तिथे सेट करायला काहीच नसतं, त्यामुळे 'टॅपेट टाइट करून देतो' असं कुणी म्हणालं तर जरा सावध व्हा.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी काही सेकंद टिकटिकली तर काळजी नको. लिफ्टरमधून उतरलेलं ऑइल पुन्हा भरतंय, एवढंच. इंजिन गरम झाल्यावरही आवाज राहिला, तर आधी ऑइलची लेव्हल बघा. ऑइल जुनं असेल किंवा 15डब्ल्यू-50 सोडून दुसरं टाकलं असेल तर ते फिल्टरसकट बदला. निम्म्या वेळा गोष्ट इथेच मिटते, असं गॅरेजवाले सांगतात. आवाज टिकटिक नसून खोल, ठोकल्यासारखा असेल तर गाडी चालवू नका. ते दुखणं बहुधा बेअरिंगचं असतं.

एवढं करूनही टिकटिक गेली नाही तरच लिफ्टर. रॉकर आणि पुशरॉड काढताना कुठला इनटेकचा, कुठला एक्झॉस्टचा, ते डब्यावर लिहून ठेवा. यांची अदलाबदल चालत नाही, कारण प्रत्येक भाग आपल्या जोडीदारासोबत घासून बसलेला असतो. लिफ्टर निघाला की कॅम नीट बघा. कॅमवर ओरखडे किंवा खड्डे दिसले आणि तुम्ही फक्त लिफ्टर बदलला, तर नवाही लवकरच जाईल. ही चूक सगळ्यात महागात पडते.

नवा लिफ्टर बसवण्याआधी स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून ठेवा. ऑइलने फुगलेला लिफ्टर व्हॉल्व्ह थोडा उघडा धरून ठेवू शकतो. म्हणून सगळं बसवल्यावर लगेच सेल मारू नका. थोडा वेळ जाऊ द्या, प्लग काढा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, नाहीतर पुशरॉड वाकेल. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचनेच आवळा. 'हाताच्या अंदाजाने' ॲल्युमिनियमचे आटे जातात.

कारचं म्हणाल, तर अनेक इंजिनांत लिफ्टरसाठी कॅमशाफ्टच उतरवावा लागतो, म्हणजे टायमिंग चेन किंवा बेल्ट आला. एक दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. ते काम घराच्या पार्किंगमध्ये नको.