धुराड्यातली पोरं

चिमणी म्हटलं की आपल्याला आधी पक्षी आठवतो, मग रॉकेलचा दिवा, आणि धुराडं सगळ्यात शेवटी. इंग्लंडात मात्र जुन्या घरांमध्ये जवळजवळ प्रत्येक खोलीत शेकोटी आणि तिचं धुराडं भिंतीच्या पोटातून थेट छपरापर्यंत. १६६२ मध्ये तर सरकारने दर शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग करही लावला होता! (१६८९ मध्ये तो रद्द झाला.)

आता धुराडं साफ कशाला करायचं? तर धूर वर जाताना थंड होतो आणि काजळी, डांबर आतल्या बाजूला चिकटतं. लाकूड ओलं असेल तर फारच. हा थर कधीतरी पेट घेतो, नाहीतर वाट बुजून कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो. लाकडाच्या काळात धुराडी ऐसपैस होती. कोळसा आला तशी ती अरुंद झाली, वर वळणंही आली. नऊ इंच बाय चौदा इंच हे नेहमीचं माप, काही तर नऊ बाय नऊच. पट्टी घेऊन एवढा चौकोन जमिनीवर आखून बघा मंडळी. मोठा माणूस त्यात मावत नाही. पाच-सहा वर्षांचं पोर मावतं.

ही पोरं बहुतेक अनाथ किंवा गरिबाघरची. गुडघे आणि कोपरं भिंतीला रेटत वर चढायचं, काजळी खरवडत. कातडी निबर व्हावी म्हणून मालक त्यांच्या गुडघ्या-कोपरांना मिठाचं पाणी चोळून विस्तवाजवळ उभं करायचे. पर्सिव्हल पॉट या सर्जनने १७७५ मध्ये दाखवून दिलं की या लोकांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो, आणि कारण काजळी. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही अगदी सुरुवातीची नोंद.

१७८८ च्या कायद्याने किमान वय आठ ठरवलं. तपासणार कोण, ते ठरवलं नाही.

आणि इथे माझ्यातला इंजिनिअर चिडतो. कारण उपाय हाताशी होता! जॉर्ज स्मार्टने १८०३ मध्येच पोकळ नळ्या दोरीत ओवून वर ब्रश लावलेलं यंत्र केलं. १८२८ मध्ये जोसेफ ग्लासने एकमेकांना जोडता येणाऱ्या वेताच्या कांड्या आणल्या. आजची पद्धत मुळात तीच. पण पोर स्वस्त. शिवाय वळणाची धुराडी बदलायला खर्च येणार, तो बड्या घरांना नको. लॉर्ड्सच्या सभागृहाने विधेयकं पुन्हा पुन्हा फेटाळली. १८४० मध्ये एकवीस वर्षांखालच्यांना चढायला बंदी झाली खरी, पण ती कागदावर.

फेब्रुवारी १८७५. केंब्रिजजवळच्या फुलबोर्न इथल्या मनोरुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून बाहेर काढला, पण थोड्याच वेळात गेला. मालकाला सहा महिने सक्तमजुरी झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरींनी प्रकरण लावून धरलं आणि त्याच वर्षी नवा कायदा आला: दरवर्षी पोलिसांकडून परवाना घ्या, नाहीतर धंदा बंद. ब्रश येऊन तोवर ७२ वर्षं झाली होती.

हे कायदे १९३८ मध्ये रद्द झाले. त्यामुळे आज ब्रिटनमध्ये धुराडी साफ करायला सरकारी परवाना लागत नाही. ड्रिलला जोडलेल्या लवचिक कांड्या आणि मोठा व्हॅक्यूम घेऊन माणूस येतो, तासाभरात काम उरकतो आणि प्रमाणपत्र लिहून देतो. ते मात्र जपून ठेवायचं, विमा कंपनी मागू शकते.