ससाण्याचा वाटा

मंडळी, प्रकाशाला तापीचे स्नान झाले, केदारेश्वराचे दर्शन झाले. आता शिबी राजाची कथा जरा उलट्या बाजूने ऐका. कबुतर मांडीवर येऊन पडले, मागून ससाणा आला, राजाने आपले मांस तोलून दिले. आपण राजाचा जयजयकार करतो अन् ससाण्याला विसरतो. वनपर्वात (तिथे हीच कथा उशीनराच्या नावानेही येते) तो काय म्हणतो? हे माझे अन्न आहे. मी उपाशी मेलो तर माझी बायकापोरे मरतील. एकाला राखून इतक्यांना मारणे हा कुठला धर्म? राजाने त्याला पापी म्हटले नाही, बाणही मारला नाही. त्याचा वाटा कबूल केला, फक्त तो स्वतःच्या अंगातून दिला.

आता आपल्या मुलखाकडे या. नंदुरबार जिल्हा 1998 चा, त्याआधी धुळे, त्याआधी खानदेश. 1818 मध्ये इंग्रजांचा अंमल आला. 1825 पासून जेम्स औट्रम नावाचा तरुण साहेब इथे भिल्लांची पलटण उभारत होता. भिल्लांचा विश्वास त्याने शिकारीतून मिळवला. दहाएक वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दोनशेच्या वर वाघ मारले. गुरे वाचली असतील, मी नाही म्हणत नाही. पण ससाण्याला वाटा मिळाला नाही, गोळी मिळाली.

अन् याच डोंगरात आदिवासी बांधव वाघदेव पुजत आले! लाकडावर वाघ, चंद्र, सूर्य कोरायचे, हात जोडायचे. आपण वसुबारसेला गाय-वासरू पुजतो. सह्याद्रीतले महादेव कोळी त्याच तिथीला वाघबारस करतात. ज्यांची गुरे वाघ नेतो तेच वाघाला पुजतात, बरं का.

आज तळोदा-शहाद्याच्या उसात बिबट्या आहे. 1972 च्या कायद्याने त्याला राखले आहे. जनावर नेले तर वनखाते पंचनामा करून भरपाई देते. माणसाच्या लेकरावर आला तर पिंजरा लावलाच पाहिजे, तिथे मी शास्त्रार्थ करणार नाही.

एका गावी हीच कथा लावली होती. आरतीनंतर शेळ्या राखणारी एक आजी पुढे आली. म्हणाली, "महाराज, राजाने आपली मांडी कापली. बिबट्याला मारा असं मी नाही म्हणत. पण त्याचं पोट माझ्या एकटीच्या शेळीवर का?"

मी भरपाईचे सांगू लागलो. तिने ऐकून घेतले.

"गाभण व्हती महाराज," म्हणाली, आणि बुक्का लावून घेऊन गेली.