शब्दवेध : शरपुंखा

जळकोटच्या आसपास बालाघाटच्या मुरमाड माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला गुडघाभर उंचीचं एक झुडूप दिसतं. जांभळट-गुलाबी फुलं, चपट्या, किंचित वाकड्या शेंगा. मराठीत ती उन्हाळी, संस्कृतात शरपुंखा.

शर म्हणजे बाण आणि पुंख म्हणजे बाणाचा पिसं लावलेला मागचा भाग. नावाचा पुरावा पानातच आहे. पर्णिकेचं टोक चिमटीत धरून हलकेच ओढा. ती सरळ आडवी फाटत नाही. शिरांच्या रेषेत तिरकी तुटते आणि बाणाच्या शेपटीला असते तशी खाच उरते. नाव ठेवणाऱ्याची नजर मोठी बारीक! आयुर्वेदातलं तिचं दुसरं नाव प्लीहशत्रू, कारण प्लीहेच्या विकारांवर ती देत.

शास्त्रीय नाव टेफ्रोसिया पर्प्युरिया. ग्रीक ‘टेफ्रॉस’ म्हणजे राखाडी.

तिच्याच कुळातल्या, भूमध्य समुद्राकाठच्या रानटी ल्युपिनच्या नावात मात्र लॅटिन ‘ल्युपस’, म्हणजे चक्क लांडगा आहे. ती जमिनीचा कस खाते, असा जुना समज सांगतात. बिचारीवर उगाच आळ! दोघींच्याही मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतात. उन्हाळी नांगरून जमिनीत गाडली, की तिचं चांगलं हिरवळीचं खत होतं.