बसच्या कपाळावरचा आकडा

थेरगावच्या डांगे चौकात बसची वाट पाहत उभा राहिलो की माझी नजर आधी बसच्या कपाळावर जाते. ही सवय अब्बांची. ते पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला होते. मराठी फर्डं बोलायचे, पण शिकले होते उर्दूत. देवनागरी अक्षरं त्यांना परकीच राहिली. बस ओळखायची ती आकड्यावरून.

एकदा सकाळच्या पाळीला जाताना ते भलत्याच बसमध्ये बसले आणि त्या दिवशी खाडा पडला. घरात आम्ही हसलो. अब्बा हसले नाहीत. चूक कुठे झाली ते मला फार उशिरा कळलं. उर्दूतला नऊ लिहा आणि शेजारी मराठीतला एक लिहा. दोन्हींना वर गोल डोकं, खाली शेपूट. अब्बांनी एकाला नऊ वाचलं होतं, इतकंच.

पाट्यांचा इतिहास मला तेव्हापासून खुणावतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. एसटीवर पेंटरने रंगवलेली गावाच्या नावाची पाटी असायची. गाव बदललं की पाटी बदलायची. मुंबईत बस त्याआधी, १५ जुलै १९२६ला सुरू झाली. तिथे कापडी गुंडाळी रुळली. एकाखाली एक नावं छापलेलं लांब कापड पेटीत बसवायचं, दांडा फिरवला की हवं ते नाव काचेमागे हजर. रात्री मागे दिवा. मुंबईने एक शहाणपण केलं, बसच्या पुढे मराठी आणि बाजूला इंग्रजी. दोन्ही लिप्या आपापल्या जागी स्थिर.

परदेशात १९६१च्या सुमाराला कॅनडातल्या फेरांटी-पॅकार्ड कंपनीने उलटणाऱ्या टिकल्यांची पाटी काढली. टिकलीची एक बाजू काळी, दुसरी झगझगीत पिवळी. विजेचा एक झटका दिला की चुंबकाने टिकली उलटते आणि वीज गेली तरी तशीच राहते. मला हे फार आवडतं. आपल्याकडे मात्र बहुतेक शहरं रंगवलेल्या पाटीवरून आणि कापडावरून थेट एलईडीवर आली. केंद्राने २००८मध्ये शहरी बसगाड्यांसाठी निकष ठरवले, त्यानंतर हे दिवे सर्रास दिसू लागले.

या दिव्यांशी देवनागरीचं जरा भांडण आहे. इंग्रजीचं मोठं अक्षर दिव्यांच्या सात ओळींत मावतं. आपल्याला शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार हवेत आणि खाली उकार. त्यासाठी दुप्पट ओळी लागतात. ‘चिंचवड’वरचा अनुस्वार म्हणजे एखाद-दुसरा दिवा. तो विझला की चिचवड! कवितेत मुद्रितशोधकाशी मी अशा टिंबासाठी भांडलो आहे. इथे कुणाशी भांडणार?

पण खरी अडचण वेगळी. पाटी आता क्षणात मराठी, क्षणात इंग्रजी होते. इंग्रजी नऊ आणि मराठी एक यांचंही तेच, गोल डोकं आणि शेपूट. अब्बांची चूक आता यंत्राच्या मदतीने करता येते. नाव सरकतं असेल तर ते पुरतं दिसेपर्यंत बस थांब्याला लागलेली असते. माझं साधं म्हणणं आहे, नाव हवं तर फिरवा, पण आकडा हलवू नका आणि त्याची लिपी बदलू नका.

परवा चौकात एक आजी म्हणाल्या, “भाऊ, कुठली आली बघा बरं.” मी चष्मा चढवला. अक्षरं सरकत होती. मी जुळवेपर्यंत त्या कंडक्टरला विचारून आत चढल्याही होत्या.