लॅपटॉपमधलं एक कुलूपबंद पान

आज आपण संगणकाच्या दुनियेतल्या एका जुन्या भांडणाचा इतिहास ऐकणार आहोत. संगणकाचं नाव काढलं की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, ‘ताई, ते आमच्या पोरांना सांगा.’ पण हे भांडण पोरांचं नाही. वही कोणाला दिसावी आणि कोणापासून झाकावी, याचं ते भांडण आहे. आणि वहीबद्दल बचत गटातल्या बाईला कोणी शिकवायची गरज नाही.

आपल्या गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. यातला हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो. कोणतीही सभासद म्हणू शकते, ‘ते पान दाखवा.’ समजा, सचिवताई म्हणाल्या, ‘सगळी वही बघा, पण हे एक पान बघायचं नाही, त्याला कुलूप आहे,’ तर त्या गटात काय होईल ते मी सांगायला नको. संगणकातही नेमकं असंच एक पान निघालं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १९८० च्या सुमारास. एमआयटी नावाच्या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करायचा. तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. प्रिंटर एका मजल्यावर, माणसं दुसऱ्या मजल्यावर. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमननं बदल केला होता. कागद अडकला की वाट बघत बसलेल्यांना संगणकावर निरोप जायचा. मग झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याच्या प्रोग्रॅमचा मजकूर कंपनीनं दिलाच नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे तो होता. स्टॉलमन त्याच्याकडे गेला, तर तो म्हणाला, ‘देणार नाही असा शब्द मी कंपनीला दिला आहे.’ दुरुस्ती येत होती, करायची तयारी होती, पण वही बंद होती.

पुढे २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमननं जाहीर केलं की, मी एक संपूर्ण मुक्त प्रणाली तयार करणार. तिचं नाव ग्नू. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे लक्षात ठेवा. मुक्त म्हणजे चार गोष्टींची मोकळीक. प्रोग्रॅम हवा त्या कामाला वापरा, तो कसा चालतो ते वाचून बघा आणि आपल्या सोयीनं बदला, त्याची प्रत शेजारणीला द्या, आणि बदललेली प्रतही वाटा. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहिला. दोन्ही एकत्र आले आणि कंपनीचा परवाना न घेता संगणक चालवायची सोय झाली.

मग भांडण कशाचं? संगणक आपल्याला एक यंत्र दिसतं, पण त्याच्या पोटात अनेक छोटी यंत्रं असतात. वायफायची चिप, आवाजाची चिप, चित्र दाखवणारी चिप. या प्रत्येक चिपला स्वतःच्या सूचना लागतात. त्या सूचनांना फर्मवेअर म्हणतात. पूर्वी त्या कारखान्यातच चिपमध्ये कोरलेल्या असायच्या, त्यामुळे कोणी विचारायला जात नसे. पुढे चिपमधल्या साठवणुकीचा खर्च वाचवायला कंपन्यांनी युक्ती केली. सूचनांची एक फाइल वेगळी द्यायची आणि संगणक सुरू झाला की त्यानं ती चिपला भरवायची. अशी फाइल पुष्कळदा वापरता येते, वाटताही येते. पण ती उघडून पाहिली तर नुसते आकडे दिसतात. मूळ मजकूर कंपनीच्या कपाटात. म्हणजे मुक्त प्रणाली बनवणाऱ्यांच्या पंक्तीत एक झाकलेलं पातेलं येऊन बसलं. ते वाढायचं की परत पाठवायचं, यावर दोन तट पडले.

या वादाची एक वाट आपल्या महाराष्ट्रातून जाते. अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये एक योजना मांडली होती. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायचा. योजनेचं नाव ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानं २००६ मध्ये तिला नकार दिला. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाडा इथल्या जिल्हा परिषदेच्या छोट्याशा शाळेत हे लॅपटॉप आले. भारतातली ती या योजनेची पहिली शाळा. एकच शिक्षक, चारही वर्ग एकत्र, आणि वीस-बावीस मुलं. धनगरवाड्यावरच्या मुलांच्या हातात हिरवा-पांढरा लॅपटॉप आणि त्यात लिनक्स. शंभर डॉलरचा तो पुढे जवळपास दुप्पट किमतीला पडला, ती गोष्ट निराळी.

या लॅपटॉपची एक खुबी होती. जवळ मनोरा नसला तरी लॅपटॉप एकमेकांशी थेट बोलायचे. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला निरोप पोचवायचा, जशा आपण विहिरीवरून घागरी हातोहात पुढे देतो. लॅपटॉपचा मुख्य भाग झोपलेला असला तरी वायफायची चिप हे काम जागी राहून करणार होती. खेड्यात वीज कमी, म्हणून ही सोय मोलाची. पण ती चिप होती मार्व्हेल कंपनीची आणि तिचं फर्मवेअर बंद होतं.

ऑक्टोबर २००६ मध्ये, म्हणजे लॅपटॉप खैराटला पोचण्याच्या वर्षभर आधी, कॅनडातल्या थिओ डी राट यांनी जाहीर टीका केली. ते ओपनबीएसडी ही मुक्त प्रणाली चालवतात. त्यांचं म्हणणं असं, ‘तुम्ही मुलांना मोकळं शिक्षण देतो म्हणता आणि कंपनीशी गुप्ततेचा करार करता. मोठी मागणी तुमच्या हातात असताना कंपनीला मजकूर उघडायला लावायचा सोडून तुम्ही मान तुकवता.’ योजनेवाल्यांचं उत्तर असं, ‘कमी विजेत, मुख्य भाग झोपलेला असताना हे काम करणारी दुसरी चिपच नाही. तिच्यासाठी थांबलो तर मुलांच्या हातात काहीच पडणार नाही.’

खुद्द स्टॉलमनची तऱ्हा बघा. त्यांना हा लॅपटॉप आवडला होता, कारण सुरू होतानाचा पहिला प्रोग्रॅम त्यात मुक्त होता. वायफायचं फर्मवेअर तेवढं खटकत होतं. ती फाइल काढून टाकून बाहेरून दुसरं यंत्र जोडायचं, असा मार्ग त्यांनी काढला. पण मे २००८ मध्ये याच लॅपटॉपवर विंडोज चालवायचं ठरलं आणि त्यांनी पाठिंबा काढून घेतला. दुसऱ्या तटाच्या लोकांना हा धडा वाटला. त्यांचं म्हणणं, एक पान झाकू दिलं की हळूहळू सगळी वही झाकली जाते.

पण त्याच २००८ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. यंत्रांनी एकमेकांशी थेट बोलण्याची तशीच सोय लिनक्सच्या मुक्त गाभ्यात आली, सगळ्यांना वाचता येईल अशी. चिपमध्ये बंद असलेलं कसब उघड्यावर आलं. मागणी लावून धरली की कधीकधी असंही होतं.

आता वळू डेबियनकडे. डेबियन ही लिनक्सवर चालणारी प्रणाली १९९३ मध्ये सुरू झाली. तिचा मालक कोणी नाही. जगभरातले हजाराच्या आसपास सभासद ती मिळून चालवतात, पदाधिकारी निवडतात आणि मोठा प्रश्न आला की मतदान घेतात. म्हणजे आपल्या प्रभागसंघासारखंच, फक्त जगभर पसरलेलं. १९९७ मध्ये त्यांनी एक वचननामा लिहिला. त्यातलं पहिलंच वचन, डेबियन शंभर टक्के मुक्त राहील.

फर्मवेअर आलं आणि वचनाला अडचण आली. २००६ मध्ये मतदान झालं, २००८ मध्ये पुन्हा झालं. दोन्ही वेळा ठरलं की, तूर्त चालू द्या, प्रणाली रखडू नये. फेब्रुवारी २०११ च्या आवृत्तीत मात्र त्यांनी गाभा साफ केला आणि बंद फाइली वेगळ्या कप्प्यात काढल्या. ज्याला हव्या त्यानं शोधून घ्याव्यात. वचन पाळलं गेलं, पण नवशिक्या माणसाची पंचाईत झाली. लॅपटॉपवर डेबियन घालायला बसावं तर वायफाय चालत नाही. वायफायची फाइल इंटरनेटवर आहे, आणि इंटरनेट यायला वायफाय हवं. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

२०२२ मध्ये वाद पुन्हा पेटला, तेव्हा एक मुद्दा पुढे आला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. नव्या लॅपटॉपमध्ये आवाजाच्या चिपलाही फर्मवेअर लागायला लागलं होतं. ज्यांना दिसत नाही अशी माणसं संगणक ऐकून चालवतात. आवाजच आला नाही तर ती प्रणाली बसवणार कशी? तत्त्व शुद्ध राहिलं, पण आंधळा माणूस दाराबाहेर राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल लागला. वचननाम्यात बदल झाला आणि फर्मवेअर डेबियनसोबतच द्यायचं ठरलं. १० जून २०२३ रोजी आलेली बारावी आवृत्ती तशी आहे. पण त्यांनी दोन अटी ठेवल्या. बंद फर्मवेअरचा कप्पा वेगळा आणि नावानिशी राहील. आणि ज्याला ते नको त्याला सुरुवातीलाच नाही म्हणता येईल.

स्टॉलमनच्या बाजूच्या लोकांना हे पटलेलं नाही. त्यांनी लिनक्सच्या गाभ्यातून अशा फाइली वेचून काढलेली वेगळी प्रत चालवली आहे. ते म्हणतात, सगळेच घ्यायला लागले तर कंपनी कशाला उघडेल? त्यांच्या बोलण्यात दम आहे. २०१३ मध्ये क्वालकॉम अ‍ॅथेरॉस कंपनीनं आपल्या एका वायफाय चिपचं फर्मवेअर मुक्त केलं. अडून बसणारं गिऱ्हाईकच नसतं तर ते झालं नसतं.

तुम्ही म्हणाल, ताई, वणीला बसून आम्हाला याचं काय? आहे की. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. शाळांत, ग्रामपंचायतीत, गटांकडे जे जुने संगणक आहेत, त्यातले कित्येक पुढच्या विंडोजला चालत नाहीत. ते भंगारात द्यायचे की लिनक्स घालून आणखी पाच वर्षं वापरायचे, हा पैशाचा प्रश्न आहे. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ प्रणाली डेबियनवरच उभी आहे आणि तिच्यात मराठीही आहे. म्हणजे डेबियनच्या सभासदांनी कुठे तरी दूर दिलेल्या मताचा धागा आपल्यापर्यंत पोचतो.

माझं मत विचाराल तर मला डेबियनची रीत पटते. आपण पापड घरी लाटतो, उडीद आपला, मिरी आपली, पण पापडखार बाजारातूनच आणतो. म्हणून कोणी पापड लाटायचं थांबवत नाही. पण पाकिटावर ‘पापडखार’ असं लिहायला हवं. वापरा, पण लपवू नका, आणि उघडण्याची मागणी सोडू नका.

म्हणून गटासाठी जुना संगणक घेताना किंवा कोणी देणगी देताना तीन गोष्टी विचारा. एक, यावर लिनक्स चालतं का? दोन, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून वायफाय आणि आवाज आपल्यासमोर चालवून दाखवाल का? डिस्कवरचं काही न पुसता हे बघता येतं. तीन, यात कोणत्या भागाला कंपनीची बंद फाइल लागते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराला कदाचित येणार नाही. तरी विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते ठरावाच्या वहीत लिहून ठेवा. पुढे तो भाग अडला, तर दुरुस्ती कोणाच्या हातात आहे हे गटाला आधीच ठाऊक असेल.

आज फर्मवेअर लॅपटॉपपुरतं राहिलेलं नाही. मोबाइलमध्ये आहे, नव्या ट्रॅक्टरमध्ये आहे, ठिबकच्या स्वयंचलित पेटीत आहे. वस्तूचे पैसे आपण पूर्ण मोजतो. तिचं एखादं पान झाकलेलं असेल, तर ते कोणतं एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं. येत्या बैठकीत हा विषय जरूर काढा.