डिस्ने वर्ल्डमधला नाताळ : रोषणाई नोव्हेंबरची, गर्दी डिसेंबरची

फ्लोरिडा राज्याच्या मध्यभागी वसलेल्या ओरलँडो परिसरात बर्फ पडत नाही. डिसेंबरमध्ये तेथे दिवसाचे तापमान साधारण २२-२३ अंश सेल्सिअस असते. एखादी थंडीची लाट आली तर रात्री स्वेटर लागतो, एवढेच. तरीही वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या ‘मॅजिक किंगडम’ या उद्यानात शिरल्यावर लागणाऱ्या मेन स्ट्रीट या रस्त्यावर नाताळच्या मोसमात ठरावीक रात्री बर्फ पडतो. दुकानांच्या छपरांवर बसवलेली यंत्रे साबणाच्या फेसाचे बारीक कण हवेत सोडतात. मुले ते तळहातावर झेलतात आणि क्षणभरात हातावर ओला ठिपका तेवढा उरतो. हा बर्फ पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात. ज्या राज्यांत खराखुरा बर्फ घराच्या दारात फूटभर साचलेला असतो, तेथूनही येतात.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी खुले झाले. स्वतः वॉल्ट डिस्ने यांचे १५ डिसेंबर १९६६ रोजी निधन झाले होते. प्रकल्प पूर्ण केला तो त्यांचे थोरले बंधू रॉय यांनी आणि तेही पहिल्या नाताळपूर्वी, २० डिसेंबर १९७१ रोजी निवर्तले. आज या जागेचा विस्तार सुमारे २५ हजार एकर, म्हणजे साधारण १०० चौरस किलोमीटर आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ जवळपास तेवढेच भरते. या जागेत चार मोठी उद्याने आहेत : मॅजिक किंगडम, एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८). शिवाय दोन जलोद्याने आणि अनेक हॉटेले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लिझर्ड बीच’ या जलोद्यानाची तर कल्पनाच अशी, की फ्लोरिडात कुणी बर्फावरच्या घसरगुंड्या बांधल्या आणि मग तो बर्फ वितळून गेला.

येथे नाताळ पाहायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घेणे आवश्यक आहे. डिस्नेचा नाताळ २५ डिसेंबरला येत नाही, तो नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. हॅलोविनचे भोपळे उतरतात आणि मेन स्ट्रीटवर पर्णमाला, लाल फिती आणि सुमारे ६५ फूट उंचीचे नाताळवृक्ष दिसू लागतात. हे काम बहुतांशी रात्री, उद्यान रिकामे झाल्यावर चालते. आदल्या संध्याकाळी भोपळे पाहून गेलेला पर्यटक सकाळी परत येतो तेव्हा मोसम बदललेला असतो. त्या दिवसापासून नववर्षापर्यंत सजावट जवळपास तीच राहते. बदलत जाते ती गर्दी.

वेगळ्या तिकिटाची रात्र

मॅजिक किंगडममध्ये १९८३ पासून ‘मिकीज व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी’ होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती सुरू होते आणि २० डिसेंबरच्या आसपास संपते. खुद्द नाताळच्या दिवशी ती नसते. सायंकाळी ७ ते मध्यरात्री १२ ही तिची वेळ, मात्र तिचे तिकीट घेतलेल्यांना दुपारी ४ पासून आत सोडतात. दिवसाचे तिकीट या रात्री चालत नाही. २०२४ च्या मोसमात पार्टीचे तिकीट तारखेनुसार १६९ ते २१९ डॉलर होते. त्यात नाताळची मिरवणूक, किल्ल्यासमोरचा नाच-गाण्यांचा कार्यक्रम, आतषबाजी, साबणाचा बर्फ आणि जागोजागी मिळणारी बिस्किटे व गरम कोको एवढे येते. बिस्किटांना आणि कोकोला वेगळे पैसे पडत नाहीत, हे तेथील इतर दरांच्या तुलनेत नोंदवण्याजोगे आहे.

या पार्टीचा एक उपयोग मात्र पार्टीला न जाणाऱ्यांनाच होतो. पार्टीच्या दिवशी साधे तिकीट घेतलेल्यांना सायंकाळी ६ वाजता उद्यान सोडावे लागते. रात्रीची आतषबाजी हुकणार म्हणून अनेकजण त्या दिवशी मॅजिक किंगडम टाळतात. परिणामी पार्टीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत तेथील रांगा तुलनेने आखूड असतात. ज्याला पाळण्यांत आणि गाड्यांत बसायचे आहे आणि आतषबाजी दुसऱ्या रात्री पाहिली तरी चालणार आहे, त्याच्यासाठी डिसेंबरमधला याहून चांगला दिवस नाही.

ऑस्बोर्न यांचे दिवे

डिस्ने वर्ल्डच्या नाताळाविषयी जुन्या प्रवाशांशी बोलू लागले की आजही विषय निघतो तो आता बंद झालेल्या एका रोषणाईचा. आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक शहरात जेनिंग्ज ऑस्बोर्न नावाचे उद्योजक राहत. १९८६ मध्ये त्यांच्या लहान मुलीने नाताळला घराला दिवे लावावेत असा हट्ट धरला. वडिलांनी हजारभर दिवे लावले. पुढच्या वर्षी आणखी लावले, आणि मग दर वर्षी वाढवतच नेले. घर पुरेना म्हणून त्यांनी शेजारची घरे विकत घेतली. १९९० च्या दशकाच्या आरंभी दिव्यांची संख्या लाखांच्या घरात गेली. पाहायला येणाऱ्यांच्या मोटारींनी रस्ता अडू लागला. शेजारी न्यायालयात गेले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि निकाल ऑस्बोर्न यांच्या विरोधात लागला.

या वादाची बातमी देशभर झाली आणि ती डिस्नेच्या अधिकाऱ्यांच्या नजरेत आली. १९९५ मध्ये ते दिवे फ्लोरिडात, तेव्हाच्या डिस्ने-एमजीएम स्टुडिओजमध्ये, चित्रीकरणासाठी उभारलेल्या खोट्या घरांच्या रस्त्यावर लागले. शेजाऱ्यांना नको असलेली रोषणाई पाहायला त्यानंतर वीस मोसम लोक विमानाने येत राहिले. दिव्यांची संख्या ५० लाखांपर्यंत गेली, पुढे ते संगीताच्या तालावर उघडझाप करू लागले. मूळ सामानात चुकून आलेली हॅलोविनची एक दिव्यांची मांजर दर वर्षी कुठे तरी लपवून लावली जाई आणि नेहमी येणारे लोक आधी तिचा शोध घेत. ऑस्बोर्न २०११ मध्ये वारले. जानेवारी २०१६ च्या पहिल्या आठवड्यात हे दिवे अखेरचे विझले. तो रस्ता पाडून त्या भागात ‘टॉय स्टोरी लँड’ (२०१८) आणि ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवर आधारलेली नगरी (२०१९) उभी राहिली. नव्या जागांचा थाट मोठा आहे, पण नाताळचे म्हणून तसे आकर्षण त्या उद्यानाला पुन्हा लाभले नाही.

मेणबत्त्यांची मिरवणूक

मिकी माऊस, सांताक्लॉज आणि खरेदी यांच्या गदारोळात येशूच्या जन्माची कथा कोठे आहे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. तिला एपकॉटमध्ये जागा मिळाली आहे. ‘कँडललाइट प्रोसेशनल’ हा कार्यक्रम कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९५८ साली सुरू झाला. फ्लोरिडात तो पहिल्या वर्षापासून होत आला आणि १९९४ मध्ये एपकॉटच्या खुल्या रंगमंचावर स्थिरावला. हातात मेणबत्त्यांचे दिवे घेतलेले गायक रांगेने येतात, वाद्यवृंद साथ करतो आणि एखादा नामवंत नट वा नटी बायबलमधील जन्मकथा वाचते. निवेदक मोसमात अनेकदा बदलतात. मधोमध हिरव्या झग्यांतील गायक वृक्षाच्या आकारात उभे राहतात. शेवट हँडेलच्या ‘हालेलुया’ने होतो आणि प्रेक्षक उठून उभे राहतात.

या गायकांत शाळा-महाविद्यालयांचे संघ असतात, तसे डिस्नेचे कर्मचारीही असतात. दिवसा तिकीट तपासणारा किंवा स्वयंपाकघरात राबणारा माणूस रात्री झगा घालून गातो. कार्यक्रमाला उद्यानाच्या तिकिटाखेरीज वेगळे शुल्क नाही, मात्र ठरावीक उपाहारगृहात जेवणाचे आरक्षण करणाऱ्यांना जागेची हमी मिळते. इतरांना रांगेत उभे राहावे लागते. एपकॉटमध्येच तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. मोसमात तेथे इटलीची भेटवस्तू वाटणारी म्हातारी बेफाना, फ्रान्सचा पेर नोएल असे त्या-त्या देशाचे पात्र आपल्या सणाची गोष्ट सांगते. या अकरांत भारत नाही. भारताच्या जवळ जाणारे काही पाहायचे तर अ‍ॅनिमल किंगडममधील ‘आनंदपूर’ हे काल्पनिक गाव पाहावे.

शेवटचा आठवडा

अमेरिकी शाळांची नाताळची सुटी साधारण २० डिसेंबरनंतर लागते. तेव्हापासून १ जानेवारीपर्यंतचे दिवस डिस्ने वर्ल्डमध्ये वर्षातील सर्वाधिक गर्दीचे. लोकप्रिय आकर्षणांसमोर दोन-तीन तासांची प्रतीक्षा तेव्हा नवलाची नसते. उद्यानात किती माणसे मावतात याचा आकडा कंपनी जाहीर करीत नाही. पण मॅजिक किंगडमचे दरवाजे नाताळच्या आठवड्यात सकाळीच बंद झाल्याचे प्रसंग पूर्वी अनेकदा आले आहेत. आधी साध्या तिकीटधारकांना थांबवले जाई, हॉटेलात उतरलेल्यांना शेवटपर्यंत सवलत असे. हजारो मैलांवरून आलेल्या कुटुंबाने प्रवेशद्वारातून परत फिरायचे, ही कल्पना करून पाहावी. जुलै २०२० पासून दिवसाचे आरक्षण सक्तीचे झाले. जानेवारी २०२४ पासून तारीखवार तिकिटांना ते लागत नाही, कारण तिकिटावर तारीख असतेच.

गर्दी आवरण्याचा दुसरा उपाय दराचा. १९७१ मध्ये प्रवेशशुल्क साडेतीन डॉलर होते आणि आतील आकर्षणांसाठी वेगळी कूपने घ्यावी लागत. २०२५ च्या नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट १९९ डॉलरपर्यंत गेले. रांग टाळायची तर आणखी पैसे पडतात. १९९९ मध्ये सुरू झालेली मोफत ‘फास्टपास’ सोय २०२० मध्ये थांबली आणि २०२१ पासून तिची जागा सशुल्क सोयीने घेतली. आज ‘लायटनिंग लेन’ या नावाने तिचे आरक्षण डिस्नेच्या हॉटेलांतील पाहुण्यांना सात दिवस, तर बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी करता येते. मोसमाच्या ऐन भरात हा चार दिवसांचा फरक फार मोठा ठरतो.

गर्दीचा हा आठवडा अगदीच टाकाऊ नाही. पार्टीच्या रात्री वेगळ्या तिकिटावर दाखवली जाणारी मिरवणूक आणि आतषबाजी या दिवसांत साध्या तिकिटावर पाहता येते. ३१ डिसेंबरची आतषबाजी मॅजिक किंगडममध्ये ३० तारखेलाही केली जाते. एकाच रात्री सगळे लोटू नयेत म्हणून ही योजना. ३० तारखेला जाणाऱ्याला तेच आकाश किंचित कमी धक्काबुक्कीत दिसते. बारा वाजता वर्ष मात्र बदलत नाही.

वादळे, ११ सप्टेंबर २००१ आणि २०२० ची महासाथ असे अपवाद सोडले, तर ही उद्याने वर्षाचे ३६५ दिवस चालू असतात. म्हणजेच नाताळच्या दिवशी हजारो कर्मचाऱ्यांचा नाताळ कामावर जातो. या मोसमावर त्यांचे किती अवलंबून आहे, ते २०२० मध्ये दिसले. मार्च ते जुलै उद्याने बंद राहिली आणि सप्टेंबरअखेर कंपनीने अमेरिकेतील उद्यान विभागातून २८ हजार जणांना कमी करण्याची घोषणा केली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश अर्धवेळ काम करणारे होते. त्या वर्षी पार्टी झाली नाही, कँडललाइटही झाले नाही. दिवे लागले होते, पण ते लावण्याची सवय असलेले अनेक हात त्या डिसेंबरमध्ये काम शोधत होते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तारखांची निवड बहुधा नसते. दिवाळीला तेथील शाळांना लांब सुटी नाही, ती मिळते नाताळातच. न्यूजर्सी किंवा शिकागोच्या थंडीला कंटाळलेल्या, भारतातून मुलांकडे गेलेल्या आजी-आजोबांना फ्लोरिडाची हवा मानवते. परंतु उद्यानात दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते, हे त्यांना आधी सांगितलेले बरे. चाकाची खुर्ची प्रवेशद्वाराजवळ भाड्याने मिळते. शाकाहारी जेवणाची चिंता पूर्वीइतकी राहिलेली नाही. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधील ‘सना’ या उपाहारगृहात नान आणि निरनिराळ्या चटण्या मिळतात आणि खिडकीबाहेर जिराफ चरताना दिसतात. विमानतळापासून हॉटेलापर्यंतची मोफत बस मात्र २०२२ च्या आरंभी बंद झाली, तेव्हा वाहनाचा खर्च धरावा.

ज्यांना शाळेतून चार दिवस काढता येतात, त्यांनी नोव्हेंबरच्या अखेरचा थँक्सगिव्हिंगचा आठवडा टाळावा आणि तो संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस निवडावेत. ही युक्ती आता पुष्कळांना कळली आहे, त्यामुळे पूर्वीसारखा शुकशुकाट तेव्हाही नसतो. तरी रांगा अर्ध्यावर येतात. ते जमले नाही तर जानेवारीचा पहिला आठवडा आहे. शाळा उघडल्या की गर्दी ओसरते आणि सजावट काही दिवस जागेवर असते. त्यानंतरच्या शनिवार-रविवारी मात्र डिस्नेची वार्षिक मॅरेथॉन असते आणि हॉटेले पुन्हा भरतात.