उष्णतेपासून वीज बनवणारा 'नॅनो-अँटेना' : दावा किती खरा?

'रात्रीही वीज देणारं सोलर पॅनल येतंय', अशा पोस्ट तुम्हीही कधीतरी पाहिल्या असतील. यामागचं विज्ञान खरं आहे. मग असं पॅनल अजून आपल्या छतावर का नाही?

कल्पना काय आहे?

गरम तवा, कारखान्याची भट्टी, तापलेला रस्ता, अगदी आपलं शरीरसुद्धा सतत इन्फ्रारेड किरण बाहेर टाकत असतं. रेडिओ लहरी आणि हे किरण एकाच जातीचे. फरक तरंगलांबीचा. एफएमची लहर सुमारे ३ मीटरची, तर आपल्या शरीरातून निघणारी इन्फ्रारेड लहर साधारण १० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. लहर जितकी छोटी, तितका अँटेना छोटा.

असे अँटेना बनलेत का?

हो. अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने २००८ मध्ये प्लास्टिकच्या पातळ शीटवर सोन्याचे सूक्ष्म चौकोनी सर्पिल अँटेना छापून दाखवले. मिळणारी ८० टक्क्यांपर्यंत इन्फ्रारेड ऊर्जा ते शोषू शकतील, असा संशोधकांचा अंदाज होता.

मग अडलं कुठे?

अडचण अँटेनात नाही, डायोडमध्ये आहे. अँटेनात तयार होणारा प्रवाह सेकंदाला सुमारे ३० लाख कोटी वेळा मागे-पुढे होतो. त्याला एकाच दिशेने वाहायला लावलं, तरच वापरता येईल अशी डीसी वीज मिळते. साधे डायोड इतक्या वेगाने काम करू शकत नाहीत.

यावर उपाय म्हणून दोन धातूंच्या मध्ये अतिपातळ थर ठेवतात. क्वांटम टनेलिंगमुळे इलेक्ट्रॉन त्यातून पलीकडे जातात. २०२१ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या (बोल्डर) गॅरेट मॉडेल यांच्या टीमने दोन थर वापरून आधीच्या अशा उपकरणांपेक्षा १०० पट चांगली कार्यक्षमता मिळवली. तरीही ती १ टक्क्याहून खूपच कमी आहे. घरावरचं साधं सोलर पॅनल २० टक्क्यांच्या आसपास असतं.

रात्री खरंच वीज मिळेल?

इथेच बहुतेक पोस्ट चुकतात. अँटेना आणि आजूबाजूच्या वस्तू एकाच तापमानाला असतील, तर वीज मिळणार नाही. तापमानात फरक हवाच. त्यामुळे भट्ट्या, बॉयलर, धुराडी यांची वाया जाणारी उष्णता हा जास्त व्यवहार्य उपयोग ठरू शकतो.

थोडक्यात, पुढच्या वेळी अशी पोस्ट दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी एकच आकडा शोधा : कार्यक्षमता किती टक्के?